काठी पुढे, पाठ वाकवून

पत्र डॅनिश भाषेत होतं आणि मार्सान्नाने ते रूबार्बच्या मुरंब्याच्या बरणीखाली दाबून ठेवलं होतं, जसं काही वाऱ्याने ते उडून समुद्रात पडणार होतं. खिडक्या सगळ्या बंद होत्या.

"आई, बरणी उचल," हायनी म्हणाला. "मला पुन्हा वाचू दे."

"तीनदा वाचलंस. चौथ्यांदा वाचून तारीख बदलणार आहे का?"

तारीख गुरुवारची होती. बुधवारच्या विमानाने कोपनहेगनला जायचं, गुरुवारी सकाळी पाठीचं ऑपरेशन. कुणी तरी ऐन वेळी माघार घेतली म्हणून ही जागा रिकामी झाली होती. सोमवारी दुपारपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं. नाही म्हटलं तर पुन्हा रांगेच्या शेवटी, म्हणजे पुढच्या उन्हाळ्यापर्यंत वाट बघणं आलं.

आणि आठवडाभर क्वानावीक गावच्या डोंगरावर धुकं बसून होतं. रेडिओ सांगत होता की बुधवारी रात्री ते उठेल, गुरुवार स्वच्छ जाईल आणि शुक्रवारपासून वादळ. म्हणजे डोंगरावरची मेंढरं खाली आणायचा हाका त्याच गुरुवारी करावा लागणार. वादळात पुढचे दोन आठवडे कुणी वर जाऊ शकलं नसतं, आणि तोवर वरच्या धारेवर बर्फ पडलं असतं. एकोणतीस वर्षं त्या हाक्याची पुढारी मार्सान्ना होती. दिवस तीच सांगायची, चाळीस माणसांना डोंगरावर कुठे उभं करायचं हे तीच ठरवायची. आमच्या बेटावर दुसऱ्या कुठल्याही गावात हे काम बाईकडे नव्हतं.

रविवारची प्रार्थना आटोपून सगळे तिच्या स्वयंपाकघरात जमले होते. वाऱ्यावर सुकवलेल्या मटणाचे पातळ काप, उकडलेले बटाटे, कॉफी. कॉफी पिण्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

"मी कळवतो त्यांना," हायनी म्हणाला. "हो म्हणून. बुधवारी मी तुझ्याबरोबर येतो. विषय संपला."

"तुझा संपला असेल," बेर्गतोरा म्हणाली. ती त्याची धाकटी बहीण. राजधानीत, तोर्शाव्हनला नर्स होती आणि घरातलं आजारपण आपल्या हातात असावं अशी तिची सवय होती. "डॉक्टरांनी काय सांगितलं ते तू ऐकलं नाहीस, तू जहाजावर होतास. हे काही उद्याच्या उद्या करायलाच हवं असं ऑपरेशन नाही. आईचे व्यायाम चालू आहेत. सायकल चालू आहे. दोन इंजेक्शनं झाली."

"आणि दोन्हींचा गुण किती टिकला?"

"सहा आठवडे."

"प्रत्येकी सहा आठवडे! माझ्या बुटांचे मोजे त्याहून जास्त टिकतात."

"मग बायकोला तसं सांग, छान विणते ती," एल्सपा म्हणाली. एल्सपा म्हणजे मार्सान्नाची थोरली नणंद, एकोणऐंशी वर्षांची, खिडकीशेजारच्या खुर्चीची मालकीण. "आमच्या वेळी पाठ सगळ्यांचीच दुखायची. पाठीला कुणी पत्रं पाठवत नव्हतं."

"वन्सं, तुमच्या वेळी माणसं साठीत जात होती," मार्सान्ना म्हणाली. "पाठीला दुखायला वेळच मिळत नव्हता."

हायनी हसला नाही. तो वर्षातले आठ-नऊ महिने मासेमारीच्या मोठ्या जहाजावर असायचा, आणि जहाजावर असताना त्याच्या डोळ्यांपुढे नेहमी एकच चित्र यायचं. धुकं, उतार, आणि त्यावर एकटी उभी असलेली आई. त्याचे वडील, तुम्मास, तो सतरा वर्षांचा असताना समुद्रात गेले. आता तो शेचाळीसचा होता. डोंगरानेही एक घ्यावं हे त्याला चालणार नव्हतं. पण असं बोलायची पद्धत त्यांच्या घरात नव्हती. म्हणून तो म्हणाला, "बहात्तर वर्षांची आहेस तू. पुरे की."

हे वाक्य चुकलं. मार्सान्नाने कॉफीचा कप खाली ठेवला, अगदी हळू.

"हाका गुरुवारी आहे," ती म्हणाली. "मी गुरुवारी डोंगरावर असेन. पाठ पुढच्या उन्हाळ्यात बघू."

रान्व्हा, हायनीची अकरा वर्षांची मुलगी, टेबलाच्या टोकाला बसून साखरेचे चौकोनी खडे एकावर एक रचत होती. तिने मान वर केली. "आजी, पण तुझ्या पाठीत झालंय तरी काय? बाबा म्हणतात हाड वाढलंय, बेर्गतोरा आत्या म्हणते जागा कमी झालीय. एक काहीतरी सांगा ना."

मुलांनी विचारलं की मार्सान्नाचा राग उतरायचा. गावातल्या तीन पिढ्यांच्या मुलांना तिने मेंढरांच्या कानांवरच्या खुणा ओळखायला शिकवल्या होत्या, कुठलं मेंढरू कुठल्या घराचं ते. तिने खडे आपल्याकडे ओढले.

"दोघंही बरोबर आहेत. हे बघ, हे मेंढवाड्याचं तोंड." तिने साखरेच्या दोन रांगा मांडल्या, मध्ये बोटभर वाट ठेवली. "मेंढरं डोंगरावरून येतात, या वाटेतून आत शिरतात. दोन्हीकडे दगडी भिंत. आता माझ्या कण्यातही अशीच एक वाट आहे. तिच्यातून नसा खाली पायांकडे जातात." विणकामाच्या टोपलीतून तिने राखाडी लोकरीचे चार धागे काढून वाटेत ठेवले. "भिंत नवी असते तेव्हा वाट मोकळी. पण सत्तर वर्षं थंडी-वारा खाल्ल्यावर भिंतीचं काय होतं?"

"पोट सुटतं," रान्व्हा म्हणाली. "आपल्या खालच्या भिंतीचं सुटलंय तसं."

"शाब्बास. दगड आत सरकतात." तिने रांगा जवळ ढकलल्या. धागे मध्ये चेपले गेले. "मेंढरं अडकली की ओरडतात. नसा अडकल्या की पाय ओरडतात. कंबरेतून निघून मांडीतून पोटरीपर्यंत, विस्तव ओतल्यासारखं."

"मग ऑपरेशन म्हणजे?"

"मागच्या भिंतीतले दोन-चार दगड काढायचे. वाट मोकळी." तिने दोन खडे उचलले आणि एक तोंडात टाकला. "जास्त काढले तर भिंतच डगमगते, म्हणून बेताने काढतात."

"आणि सायकलीने काय होतं?"

"सायकलीवर मी पुढे वाकते. वाकलं की मागचे दगड एकमेकांपासून सुटे होतात, वाट थोडी उघडते. बसलं तरी उघडते. म्हणून सायकलीवर मी दुसऱ्या गावापर्यंत जाते आणि दुकानापर्यंत चालत जाता येत नाही. ताठ उभं राहिलं की दगड पुन्हा आत."

रान्व्हा धाग्यांकडे बघत राहिली. हिशोब जुळत असताना मुलांचा चेहरा जसा होतो तसा तिचा झाला.

"डोंगर चढताना पण आपण वाकतो."

"वाकतो."

"आणि उतरताना तू शिकवतेस, पाठ ताठ, काठी मागे, काठीवर रेलायचं." ती थांबली. "आजी, म्हणून तू उतरताना बसतेस? तीन ठिकाणी?"



गेली दोन वर्षं हाका खाली येताना मार्सान्ना तीन जागी बसायची. पहिल्या दगडी खुणेपाशी, ओढ्यावर आणि पांढऱ्या शिळेवर. समुद्राकडे तोंड करून, गुडघ्यांवर कोपरं टेकून, डोळे बारीक करून. सगळ्या गावाला वाटलं, पुढारी हवा वाचतेय. तिच्या मागची माणसंही थांबायची. गेल्या वर्षी तर तरुण पोरंही त्याच तीन जागी टेकली होती, तशीच कोपरं गुडघ्यांवर ठेवून, कपाळाला आठ्या घालून समुद्राकडे बघत. काय बघायचं ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

"म्हणजे तू हवा बघत नव्हतीस?" एल्सपाने विचारलं.

"नव्हते."

"मी पाद्रीसाहेबांना सांगितलंय! म्हटलं, आमच्या मार्सान्नाने तीन बैठकांची जुनी रीत पुन्हा चालू केली. ते वहीत लिहून घेऊन गेले!"

"जुनी रीत कुठून आली, वन्सं?"

"मला काय माहीत? इतक्या रुबाबात बसायचीस, मला वाटलं जुनीच असणार."

हायनीला हसू आवरेना, आणि मग बेर्गतोराही हसली. पण हसता हसता ती आईकडे बघत होती. दोन वर्षं. ती नर्स होती, दर हाक्याला रांगेत होती, आईच्या मागून उतरत होती, आणि तीसुद्धा त्या पोरांसारखी समुद्राकडे बघत बसली होती.

दार वाजलं आणि दाव्हूर आत आला.

दाव्हूर या घरात दार वाजवून यायचा. बाकी गाव तसंच आत शिरायचं. तो तुम्मासच्या धाकट्या भावाचा, साकारिसचा मुलगा. तुम्मास गेल्यावर हाक्याचं पुढारपण आपल्याकडे येणार असं साकारिसने धरून ठेवलं होतं. पण जमिनीच्या हक्कदारांनी हात वर केले ते मार्सान्नाच्या नावावर. त्यानंतर साकारिस नऊ वर्षं तिच्याशी बोलला नाही, आणि बोलायला लागला तेव्हाही फक्त मेंढरांबद्दल. आता तो हयात नव्हता. पन्नाशीचा दाव्हूर समुद्रातल्या सॅमन माशांच्या पिंजऱ्यांवर कामाला होता आणि हाक्यात नेहमी सगळ्यांत मागे चालायचा.

"काकू," तो म्हणाला. टोपी हातात. "माणसं विचारतायत. गुरुवार धरायचा का?"

"धर. गुरुवार."

"आई गुरुवारी इथे नाहीये," हायनी म्हणाला. "कोपनहेगनला ऑपरेशन आहे."

"मी इथेच आहे," मार्सान्ना म्हणाली.

दाव्हूरने एकाकडून दुसऱ्याकडे पाहिलं. त्याला मनातून वाटत होतं की टोपी घालावी आणि निघून जावं. या घरात तो जे बोलेल त्याचा एकच अर्थ निघणार, हे त्याला कळत होतं. म्हातारीने जावं असं म्हटलं तर साकारिसचा मुलगा खुर्चीवर डोळा ठेवून आहे. राहावं म्हटलं तर ते खोटं होतं.

"बस," बेर्गतोरा म्हणाली. "कॉफी घे आणि तूच सांग. मी म्हणतेय घाई नको, भूल देण्यातही धोका असतो, आईचं रक्तदाबाचं औषध चालू आहे. हायनी म्हणतोय आत्ताच. तू रांगेत मागे असतोस, तुला सगळे दिसतात. तुला काय दिसतं?"

"मला काही म्हणायचं नाही."

"दोन वर्षांत पहिल्यांदा कुणी तरी खरं बोलेल असं वाटलं होतं," मार्सान्ना म्हणाली. "पण साकारिसची माणसं तोंड मिटून बघतात, हे मी विसरले."

दाव्हूरचे कान लाल झाले. तो बसला नाही.

"दुखतं म्हणून बसता तुम्ही, ते मला पहिल्याच वर्षी कळलं होतं," तो म्हणाला. "म्हणून मी मागून रांग हळू घेतो. मागचे हळू आले की पुढच्यांना थांबावंच लागतं. तुम्हाला बसायला वेळ मिळतो. दोन्ही वर्षं तसंच केलं. त्याचं मला काही नाही. पाठीचं मी आजही बोललो नसतो."

"मग कशाचं बोलतोयस?"

"पावलाचं. डावं. या उन्हाळ्यात लोकर कापताना तीनदा अडखळलात. सपाट जमिनीवर."

"गवताला."

"काकू, तिथे गवत नव्हतं." तो बेर्गतोराकडे वळला. "बाहेर बूट आहेत. डाव्याचं टोक बघ."

बेर्गतोरा उठली. मार्सान्ना म्हणाली, "बस खाली," पण ती गेली आणि दोन्ही रबरी बूट घेऊन आली. तिने ते टेबलावर ठेवले, मटणाच्या ताटाशेजारी. उजवा बूट जसाच्या तसा होता. डाव्याचं टोक घासून घासून रबराच्या आतलं कापड दिसत होतं.

"मोजा काढ," बेर्गतोरा म्हणाली.

"पोरीसमोर?"

"आई."

मार्सान्नाने मोजा काढला. बेर्गतोराने तिच्या दोन्ही अंगठ्यांवर बोट ठेवलं. "वर उचल. माझं बोट ढकल." उजव्या अंगठ्याने बोट ढकललं. डावा थोडा हलला, आणि पडला.

"कधीपासून?"

"एप्रिलपासून."

"डॉक्टरांनी विचारलं होतं. मी समोर बसले होते. पावलात जोर कमी झाला तर थांबायचं नाही, लगेच सांगायचं, असं त्यांनी दोनदा म्हटलं. तू म्हणालीस, पाऊल ठीक आहे."

"मार्चमध्ये ठीक होतं."

बेर्गतोराने मोजा तिच्या मांडीवर ठेवला. "हायनी," ती म्हणाली, "उद्या सकाळी फोन कर त्यांना."

तिने बाजू बदलल्याचं हायनीला इतकं अचानक कळलं की त्याला आनंदही झाला नाही. आई एकटी पडली होती, आणि तिच्या चेहऱ्याकडे बघणं त्याला जमेना.

मार्सान्नाने मोजा चढवला, बूट चढवले, दाराआडची काठी घेतली आणि बाहेर पडली. काठी तिच्या वडिलांची होती, माणसाच्या उंचीची, खाली लोखंडी टोक असलेली.

"जाऊ दे तिला," एल्सपा म्हणाली. "ती परत येतेच."

बेर्गतोराने जाऊ दिलं नाही. अंगावर स्वेटर चढवून ती मागोमाग निघाली. घरामागचा चढ सरळ गावाच्या वरच्या बांधापर्यंत जातो. मार्सान्ना पुढे वाकून, भराभर चढत होती, आणि तिच्याहून एकोणतीस वर्षांनी लहान मुलीला तिला गाठताना धाप लागली. बांधापाशी दोघी थांबल्या. खाली गवताची छपरं होती, त्यापुढे राखाडी समुद्र. वरचा डोंगर धुक्यात होता.

"चढताना बघ कशी आले," मार्सान्ना म्हणाली.

"बघितलं. आता उतर."

मार्सान्नाने काठी मागे टेकवली, पाठ ताठ केली, आणि उतरायला लागली. वीस पावलं. तीस. चाळिसाव्याला ती थांबली आणि तिच्या जबड्याची शीर ताठ झाली. बसली मात्र नाही.

"आता माझं ऐक," बेर्गतोरा म्हणाली. "व्यायामाच्या बाई काय सांगतात? वाकून चाल. काठी पुढे घे. दोन्ही हातांनी धर आणि तिच्यावर ओणवी हो. गुडघे सैल."

"उतारावर? पुढे?"

"हो."

"मी तीस वर्षं पोरांना सांगतेय, पुढे वाकून उतरलास तर तोंडावर पडशील. माझ्या बापाने मला त्यासाठी काठीने मारलंय. कुणी खिडकीतून बघितलं तर म्हणेल, मार्सान्ना खेकड्यासारखी उतरायला लागली."

"म्हणू दे. एल्सपाआत्या तिचीही रीत करेल."

मार्सान्नाच्या नाकातून हसू बाहेर पडलं. तिने काठी पुढे घेतली. पहिली दहा पावलं तिने अशी टाकली, जशी पहिल्यांदा बर्फावर टाकतात. मग थोडी लांब. पन्नास झाली. साठ. बेर्गतोरा बाजूने चालत मोजत होती, आणि शंभराच्या पुढे गेल्यावर मोजायचं विसरली. आई चालत होती. वाकलेली, पांढरे केस तोंडावर, आणि न थांबता. मांडीत विस्तव नव्हता. दोन वर्षांत पहिल्यांदा ती उतार उतरत होती आणि तिला फक्त उतार जाणवत होता.

"अगं, हे इतकं सोपं होतं?" ती ओरडली. "इतकं सोपं आणि मी—"

डावा बूट गवताच्या झुबक्यात अडकला. ती गुडघ्यावर आली, मग हातावर. काठी पुढे घरंगळत गेली.

बेर्गतोरा धावली, आणि दोन हात अंतरावर थांबली. हात पुढे केला तर आई तो झिडकारेल, हे तिला ठाऊक होतं. मार्सान्नाने स्वतःला फिरवलं आणि गवतात बसली. लागलं नव्हतं. ती आपल्या डाव्या बुटाकडे बघत राहिली.

"वाकणं मला जमलं," ती म्हणाली. "बहात्तराव्या वर्षी शिकले. पण हे पाऊल माझं ऐकत नाही."

"नाही."

"ऑपरेशनने ऐकेल?"

बेर्गतोराला हो म्हणायचं होतं. "सांगता येत नाही. पायातला विस्तव बहुतेक जाईल, दहातल्या सात-आठ जणांचा जातो. कंबर दुखायची राहू शकते. पावलाचा जोर येईलही, थोडाच येईल, कदाचित नाही येणार. पण थांबलीस तर आहे तोही जाईल, त्याची मला भीती वाटते. मघाशी मी घाई नको म्हणत होते कारण मला भुलीची भीती वाटत होती. ती अजून आहे. ही जास्त आहे."

मार्सान्नाने मान हलवली. मग ती जे बोलली ते बेर्गतोराने पुढे आपल्या मुलांना अनेकदा सांगितलं, आणि दर वेळी सांगताना तिची मान उंच व्हायची.

"गुरुवारी मी अशी वरच्या धारेखाली पडले असते ना, तर मला काही झालं नसतं. मी उठले असते. पण शेजारची दोन माणसं माझ्याकडे धावली असती. रांगेला भोक पडलं असतं. मेंढरांना भोक दिसायला वेळ लागत नाही, आणि त्या बाजूला कडा आहे. एकोणतीस वर्षांत माझ्या रांगेतून एक मेंढरू कड्यावरून गेलेलं नाही. माझ्या पायाने जाणार नाही."

तिने हात पुढे केला. "उठव मला."

आईने स्वतःहून हात मागितला, असं बेर्गतोराला आठवत नव्हतं.

स्वयंपाकघरात सगळे होते तसेच होते. दाव्हूर अजून उभाच. मार्सान्नाने गवताने भिजलेले गुडघे कुणापासून लपवले नाहीत. ती आपल्या खुर्चीत बसली आणि बरणीखालचं पत्र काढून हायनीकडे सरकवलं.

"उद्या फोन कर. हो म्हण. बरोबर बेर्गतोरा येईल, तिला त्यांची भाषा कळते. मी डॉक्टरांची भाषा म्हणतेय. तू इथे हव्या त्या रांगेत उभा राहा."

हायनीने पत्र घेतलं. "आणि पुढारी?"

सगळ्यांचे डोळे त्याच्याकडे वळले. तुम्मासचा मुलगा तो होता.

"धुकं परत आलं," मार्सान्ना त्याला म्हणाली, "आणि मेंढरं पांढऱ्या शिळेपाशी डावीकडे फुटली. कुणाला थांबवशील?"

हायनीने विचार केला. प्रामाणिकपणे केला. "डावीकडच्यांना पुढे पळवेन."

"दाव्हूर?"

"सगळ्यांनाच थांबवेन," दाव्हूर म्हणाला. "कुणीच हलायचं नाही, ओरडायचं नाही. कड्याजवळ मेंढरू घाबरलं की ते मागे बघत नाही. त्याला उभं राहू द्यायचं. ते आपणच वळतं."

"साकारिसने शिकवलं?"

"तुम्ही. मी नऊ वर्षांचा होतो. शाळेतल्या सगळ्यांना घेऊन गेला होतात तुम्ही."

एल्सपाने नाक पुसलं आणि ते पुसलं नाही असं दाखवलं.

हायनीला ते लागलं आणि त्याच क्षणी सुटल्यासारखंही झालं. "बरोबर आहे," तो म्हणाला. "मला जहाज कळतं. डोंगर मला वर्षातून एकदा दिसतो." त्याने दाव्हूरच्या समोर खुर्ची ढकलली. "बस आता तरी. किती वेळ उभा राहशील?"

दाव्हूर बसला. "या वर्षापुरता," तो म्हणाला. "काकू परत येईपर्यंत."

"नाही," मार्सान्ना म्हणाली. "अर्धवट पुढारी मेंढरांना लगेच कळतो. द्यायचं तर पूर्ण द्यायचं. हक्कदारांना मी उद्या स्वतः सांगेन, माझ्या तोंडाने. कुणाला हात वर करायचा नसेल तर त्याने तो माझ्यासमोर खाली ठेवावा." तिने त्याच्या कपात कॉफी ओतली. "फक्त एक ऐक. उतरताना पोरांना बसवू नकोस. त्या तीन बैठका बंद."

"आणि पाद्रीसाहेबांच्या वहीचं काय करू?" एल्सपाने विचारलं.

"राहू द्या, वन्सं. शंभर वर्षांनी कुणाला तरी अभ्यासाला होईल."

बाहेर धुकं बांधापर्यंत उतरलं होतं. रान्व्हा साखरेचे खडे परत डब्यात भरत होती. मार्सान्नाने कप हातात धरून ठेवला, प्यायली नाही.

"पुढच्या वर्षी," ती दाव्हूरला म्हणाली, "मला कुठे उभी करशील?"

प्रश्नाचा अर्थ सगळ्यांना कळला. म्हाताऱ्या माणसांची जागा मेंढवाड्याच्या दारात असते, लहान मुलांबरोबर. ती चांगली, उबेची जागा आहे. तिथे कॉफीचे थर्मास असतात.

दाव्हूरने कप खाली ठेवला. तो तिच्या पावलाकडे बघत नव्हता.

"वरच्या धारेवर," तो म्हणाला. "उजव्या टोकाला. तिथला चढ चढून वेळेवर पोचेल असं दुसरं माणूस माझ्याकडे नाही."

"आणि उतरताना? मला किती उतरता येईल ते देवाला ठाऊक."

"तुम्ही जशा उतराल तशी रांग उतरेल. वाकून, बसून, खेकड्यासारखं. रांगेची चाल पुढारी ठरवतो, काकू. मी ठरवली."

एकोणतीस वर्षांत डोंगराबद्दल मार्सान्नाला कुणी हुकूम दिला नव्हता.  हायनीने पत्राची घडी घातली.

मार्सान्नाने दाव्हूरला वरपासून खालपर्यंत पाहिलं, जसं ती बाजारातल्या मेंढ्याला पाहायची, आणि जे दिसलं ते तिला पसंत पडलं.

"बरं," ती म्हणाली. "उभी राहीन."